सतराव्याचे पाच

१

रविवारी सकाळी कल्पिता कोठाराचं कुलूप काढायची तेव्हा सगळ्यात आधी मिठाचा वास यायचा. खरं तर त्या कोठारात मीठ येणं तिच्या जन्माच्या आधीच बंद झालं होतं. मिठागरं बुजली, त्यांच्यावर घोडबंदर रोडचे टॉवर उभे राहिले, गावातल्या लोकांनी जमिनी देऊन बंगले बांधले. खाडीकडच्या टोकाला हे लांबट दगडी कोठार तेवढं उरलं. भर उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या भिंतींना लोणा फुटायचा. बोट लावलं की पांढरी पूड यायची आणि ती जिभेला लावली तर खारट लागायची.

कल्पिता याच गावची. ग्लासगोला जाऊन ती गणित शिकली, पूर्णांकांचं गणित. तिथे चांगली नोकरी मिळत होती ती सोडून परत आली, कारण तिच्या डोक्यात एक राग बसला होता. ती सुट्टीला आली होती तेव्हा टॉवरमधल्या एका कोचिंग क्लासने गावातल्या पोरांची परीक्षा घेतली आणि सगळ्यांना वेटिंगवर ठेवलं. पोरं हसत हसत स्वतःला ‘वेटिंगवाले’ म्हणवून घ्यायची. ते हसू तिला सहन व्हायचं नाही.

कोठार तिच्या मोठ्या भावाच्या, सुदेशच्या ताब्यात होतं. बिल्डरला तिथे सेल्स ऑफिस हवं होतं.

“किती पोरं आहेत तुझी?” सुदेशने विचारलं होतं.

“सोळा.”

“दिवाळीपर्यंत सोळाच्या सोळा टिकली तर कोठार तुझं, कल्पू. एक जरी गळलं तरी चावी माझ्याकडे. मग मला ग्लासगो ऐकवायचं नाही.”

“लिहून ठेव, दादा. एकही गळणार नाही.”

तिची पद्धत साधी होती. दारातून आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीपासून पोरं पाठ टेकून ओळीने बसायची. प्रत्येकाला एक नंबर. ओळ डावी भिंत आणि मागची भिंत धरून वळायची आणि उजव्या भिंतीवर थोडी पुढे येऊन सोळाव्या ऋतिकापाशी संपायची. ऋतिकापासून पुढे दाराच्या उजव्या अंगाच्या फळ्यापर्यंतची भिंत रिकामी होती. तिथे आणखी पाचसहा पोरं मावली असती. कल्पिताला ती जागा भरायची होती.

फळ्याच्या वर निळ्या ऑइल पेंटने तिने एक संख्या रंगवली होती. सात लाख वीस हजार सातशे वीस.

“ही संख्या मोठ्या मनाची आहे,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. “एकापासून सोळापर्यंत कुणीही हिला भागा, मागे काही उरत नाही. असं जमवणारी हिच्यापेक्षा लहान संख्याच नाही.”

“तेराने पण?” तेराव्या नंबरवर बसणाऱ्या गणूने विचारलं. “तेराला कोण विचारतं, ताई? तेराचा पाढा तर आमच्या शाळेतल्या सरांना पण येत नाय.”

“हिने विचारलंय. करून बघ.”

गणूने जीभ बाहेर काढून भागाकार केला. पंचावन्न हजार चारशे चाळीस, खाली शून्य. तो बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसला, कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखा.

तेव्हापासून क्लासची सुरुवात तशीच व्हायची. प्रत्येकाने आपल्या नंबरने भागायचं आणि ओरडायचं. “एक, काही उरत नाही!” “दोन, काही उरत नाही!” आवाज डावीकडून उजवीकडे भिंतीभिंतीने फिरत जायचा आणि ऋतिकापाशी थांबायचा. मग कल्पिता मापातून खडू घ्यायची.

ते माप लाकडाचं होतं, लोखंडी पट्टीचं, मीठ मोजायचं. कोठार साफ करताना कोपऱ्यात उपडं सापडलं. तिने ते सुलटं करून त्यात खडू भरले. शेजारची रंगूकाकी शनिवारी झाडायला येई तेव्हा खडू पिशवीत काढून माप परत उपडं करून जायची. रविवारी कल्पिता ते पुन्हा सुलटं करायची.

“मोजनी झाली की माप उपडं घालावं,” रंगूकाकी म्हणायची.

“का पण?”

“ता मला काय ठावं? आमचा बाप घालायचा.”

“आमची मोजणी अजून झालेलीच नाही, काकी. गावात अजून पुष्कळ पोरं आहेत.”

एकदा गणूने विचारलं होतं, “ताई, तुमचा नंबर किती?”

“माझा कसला नंबर? मी मोजणारी.”

२

गणपती होऊन गेले होते. ऊन कडक पडलं होतं. पोरं बसली, भागाकार झाले, आरोळी सुरू झाली. “चौदा, काही उरत नाही!” “पंधरा, काही उरत नाही!” ऋतिका नेहमीसारखी स्पष्ट म्हणाली, “सोळा, काही उरत नाही.”

कल्पिताचा हात खडूकडे गेला.

“सतरा,” ऋतिकाच्या पलीकडून आवाज आला. “उरले पाच.”

लहान मुलाचा नव्हता तो आवाज. घसा कोरडा पडलेल्या माणसाने पाणी मागावं तसा होता. ना मोठा, ना हळू.

कल्पिता हसली. “गण्या!”

“आयशप्पथ ताई, मी नाय! मी इथं आहे, आवाज तिकडनं आला.”

“मग कोण?”

कुणी हसलं नाही. पोरांनी खोडी केली की खोलीत एक दाबलेलं हसू फिरतं, ते कल्पिताला ओळखू यायचं. आज ते नव्हतं. ऋतिकाने मान न वळवता फक्त डोळे उजवीकडे नेले. तिच्या शेजारची फरशी रिकामी होती. फरशीवर काहीतरी चमकत होतं.

कल्पिता जवळ गेली. जाड्या मिठाचे खडे. पाच. ओल्या हाताने एकेक ठेवावे तसे नीट ओळीत ठेवलेले.

तिने खडे उचलले आणि फळ्याकडे वळून मांडणी केली. सात लाख वीस हजार सातशे वीस भागिले सतरा. बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव वेळा जातं. खाली उरतात पाच.

उत्तर बरोबर होतं. तिला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे. खोडी करणारं पोर ‘उरले पन्नास’ म्हणालं असतं, काहीही म्हणालं असतं.

“ज्याने कुणी केलं त्याला शाबासकी,” ती मोठ्याने म्हणाली. “पुढचं गणित तोंड दाखवून करायचं.”

मग तिने नेहमीपेक्षा जोरात शिकवलं. सुटताना पोरं एकेक करून दाराकडे गेली. पण ऋतिकाच्या पलीकडच्या रिकाम्या फरशीला वळसा घालून, जणू तिथे कुणी पाय पसरून बसलं आहे.

३

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. कल्पिताने जे जे सुचेल ते करून पाहिलं. पोरांना नुसतं लिहायला लावलं, ओरडायचं नाही. सोळा पाट्या वर झाल्या आणि शांततेतून आवाज आला, “सतरा, उरले पाच.” झरोक्यांतून बाहेर डोकावून पाहिलं, खाली चिखल आणि खारफुटी, उभं राहायलाही जागा नव्हती. आवाज घुमतो म्हणावं तर घुमणारा आवाज गणित करत नाही.

मग तिला भिंतीवरचा डाग दिसला. पोरं पाठ आणि डोकं टेकून बसत, त्यामुळे भिंतीवर तेलकट डाग पडले होते, ओळीने सोळा, सगळे तिच्या कमरेच्या खाली. ऋतिकाच्या पलीकडे सतरावा होता. तो काळपट नव्हता. तिथे लोणा साफ घासला गेला होता आणि आतला दगड दिसत होता. पोरांच्या डागांपेक्षा तो वीतभर वर होता. मोठ्या माणसाने बसून डोकं टेकलं तर जिथे येईल तिथे.

भिंतीला ओल असते, ओल कुठेही उमटते, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि मग आपण हे स्वतःला सांगतो आहोत याचाच तिला राग आला.

त्या रविवारनंतर जयाला ताप भरला. जया म्हणजे नवव्या नंबरवरची मुलगी, मागच्या भिंतीला बसणारी. पुढच्या क्लासला ती आली नाही. तिच्या जागी दप्तरसुद्धा नव्हतं. आरोळी सुरू झाली. सातव्याने सांगितलं, आठव्याने सांगितलं. कल्पिता म्हणणार होती, नऊ आज नाही, दहा बोला.

“नऊ,” जयाच्या रिकाम्या जागेवरून तोच कोरडा आवाज म्हणाला. “काही उरत नाही.”

शेवटच्या तीन शब्दांत काहीतरी वेगळं होतं. इतके रविवार ‘उरले पाच’ म्हणणाऱ्याला पहिल्यांदा बसायला जागा मिळाली होती, आणि ते त्याच्या आवाजात ऐकू येत होतं. आठवा आणि दहावा, दोघांनी गुडघे छातीशी ओढून घेतले. त्या दिवशी ऋतिकाच्या पलीकडून कुणीच बोललं नाही.

“ताई,” गणू हळूच म्हणाला, “जया परत आली तर ती कुठं बसणार?”

कल्पिता मागच्या भिंतीपाशी गेली आणि वाकून नवव्या जागेवर हात ठेवला. फरशी ओली होती, गार होती. उचललेल्या तळव्याला मीठ चिकटलं होतं.

संध्याकाळी सुदेश तिच्या दारात उभा राहिला. “जयाची आई सांगत होती, पोरगी तापात बडबडते. ‘माझी जागा घेतली, माझी जागा घेतली.’ काय चाललंय कोठारात?”

“ताप आहे, दादा. तापात मुलं बडबडतात.”

“म्हणजे पंधरा राहिली.”

“सोळा आहेत. ती परत येईल.”

“आणि नाही आली तर?”

“मी तिला उचलून आणीन!”

सुदेशने तिच्याकडे नीट पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीची भीती त्याला तिच्या आधी कळायची. “काकी म्हणते माप उपडं घाल. घाल ना. तुझं काय जातं?”

रंगूकाकी त्याच्या मागेच उभी होती. कल्पिताने तिलाच विचारलं, “उपडं घातलं की काय होतं, काकी?”

“मोजनी बंद व्हते.”

“आणि ज्याला अजून मोजलंच नाही तो?”

रंगूकाकीने पदर सावरला. “तो राहिला.”

“कायमचा?”

“आता बंद म्हनजे बंदच ना गो पोरी.”

कल्पिता तिथेच उभी राहिली. तिच्या मनात भीती होती, पण त्या भीतीच्या वर राग येऊन बसला, तोच जुना, ग्लासगोहून बरोबर आणलेला. बंद. जागा भरली. तुमचं नाव वेटिंगवर. कोठारात जे कुणी होतं त्याने आजवर काय केलं होतं? आपला भागाकार केला होता. तो चुकला नव्हता. खोटं बोलला नव्हता. त्याला भाग जात नव्हता, आणि त्याला भाग जाणार नाही अशी संख्या भिंतीवर तिनेच रंगवली होती. जागा नाही म्हणून तो जयाच्या जागी बसला होता.

“मग त्याला त्याची जागा दिली पाहिजे,” ती म्हणाली.

“कोणाला?” सुदेशने विचारलं.

४

जया बरी होऊन आली ती आईचा हात धरून. नवव्या जागेपाशी येऊन उभी राहिली आणि बसेना. कल्पिताने आपली ओढणी दुहेरी करून तिथे अंथरली. “ही तुझीच जागा आहे. आज मी सगळ्यांच्या जागा पक्क्या करणार आहे.” आई दाराबाहेर कट्ट्यावर बसून राहिली.

मग कल्पिता पोरांकडे वळली. “सतराने भागलं की पाच उरतात. मग आपण काय करायचं?”

ऋतिकाचा हात वर गेला. “सतराला काढून टाकायचं?”

“नाही. संख्या वाढवायची. किती पट?”

तिघेचौघे एकदम ओरडले, “सतरा पट!”

“का?”

“मग सतराने भाग जाणारच! आणि आमचे भाग तर आधीच जातात!”

कल्पिताचा ऊर भरून आला. अशा क्षणासाठीच तर ती परत आली होती. सगळ्यांनी मिळून गुणाकार केला. गणू दोनदा चुकला, जयाने त्याला दोन्ही वेळा दुरुस्त केलं आणि तापानंतर पहिल्यांदा हसली. एक कोटी बावीस लाख बावन्न हजार दोनशे चाळीस. कल्पिताने स्टुलावर चढून जुन्या संख्येखाली नवी संख्या खडूने मोठ्या अक्षरात लिहिली.

“बोला आता.”

आरोळी निघाली. एक, दोन, तीन. जया नवव्या जागेवरून इतक्या जोरात ओरडली की बाहेर तिची आई उठून उभी राहिली. गणूचं तेरा झालं, ऋतिकाचं सोळा झालं.

“सतरा,” ऋतिकाच्या पलीकडून आवाज आला. मध्ये मोठा खंड पडला, भागाकार पुन्हा तपासून पाहावा तशी. “काही उरत नाही.”

तो आवाज आता कोरडा नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर टाळ्या वाजवल्या. गणूने शिट्टी मारली आणि म्हणाला, “आला एकदाचा वेटिंगमधनं!” कल्पिताही हसली. डोळे पुसायला तिने हात वर नेला.

“अठरा,” थोडं पुढून, दुसऱ्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं. “काही उरत नाही.”

टाळ्या थांबल्या.

“एकोणीस. उरले चौदा.”

हा आवाज बाईचा होता.

कल्पिताचा हात डोळ्यांपाशी तसाच राहिला. तिचं डोकं मात्र चालूच होतं. ते बंद करणं तिला कधी जमलंच नाही. अठराने भाग जातो, हो. नऊ आणि दोन आधीपासून आत आहेत. अगदी पहिल्या संख्येलासुद्धा अठराचा भाग जात होता. मग अठरावा इतके दिवस गप्प का होता?

त्याची पाळी आली नव्हती. सतराव्याचं झाल्याशिवाय अठराव्याने तोंड उघडलं नाही. ते रांगेत होते.

एकोणीस ही मूळ संख्या. आणि मूळ संख्या संपत नाहीत हे कल्पिताने गेल्याच महिन्यात पोरांना याच फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं. कितीही मोठी संख्या घ्या, तिच्या पलीकडे कुणीतरी असतोच ज्याला तिच्यात भाग नाही. तेव्हा ते तिला फार सुंदर वाटलं होतं.

फरशीवर मिठाचे खडे होते. तिने मोजले नाहीत.

५

त्या आठवड्यात एकाही पोराने क्लास सोडला नाही. सुदेशला नवल वाटलं. कल्पिताला कारण माहीत होतं. गणूने तिला रस्त्यात सांगितलं होतं, “घरचे बोलले, जाऊ नको. मी बोललो, नाय गेलो तर माझ्या तेरावर कोन बसंल काय माहीत.” अशी हजेरी तिला नको होती. भीतीने भरलेल्या वर्गात शिकवायला ती इतक्या लांबून आली नव्हती.

रविवारी ती आत आली तेव्हा माप सुलटंच होतं. रंगूकाकी झाडायला आलीच नव्हती. पोरं भिंतीला चिकटून बसली. आरोळी झाली, सतरा झालं, अठरा झालं, आणि बाईचा आवाज म्हणाला, “एकोणीस. उरले चौदा.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं.

“ताई,” ऋतिका म्हणाली. ती सतराव्याच्या शेजारी बसून बसून फिकी पडली होती, पण पोरगी हुशार होती आणि रात्रंदिवस विचार करत होती हे दिसत होतं. “एक संख्या आहे. तिला सगळ्यांनीच भाग जातो. कितव्याही नंबरने. काहीच उरत नाही.”

“कुठली?”

“शून्य. शून्य लिहू या ना, ताई. मग सगळे गप्प बसतील.”

कोठारात काहीतरी बदललं. घोडबंदर रोडच्या गाड्यांची घरघर झरोक्यांतून सतत आत यायची, ती बंद झाली. सोळा पोरांच्या श्वासाखाली आणखी एक शांतता होती, फार मोठी, भिंतीच्या पलीकडे लांबवर गेलेली. खूप माणसांनी एकदम कान टवकारावेत तशी.

त्यांना ते हवं होतं की त्याची भीती वाटत होती, हे कल्पिताला कळेना.

खडू तिच्या हातात होता. एक गोल काढायचा, बस. गणित अगदी बरोबर होतं, मुलीने शोधलेलं होतं. तिने खडू फळ्याला टेकवलासुद्धा.

“ऋतिका,” तिने न वळता विचारलं, “शून्याला सोळाने भागलं तर सोळाव्याच्या वाट्याला किती येतात?”

“शून्य.”

“तेराव्याच्या?”

गणूचा आवाज बारीक झाला होता. “शून्य.”

“नवव्याच्या?”

जयाने खालची ओढणी घट्ट धरली.

“सगळ्यांना सारखं आणि कुणालाच काही नाही,” कल्पिता म्हणाली. “असं वाटप मी नाही करणार. तुमच्यासाठी नाही. आणि,” तिने रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, “यांच्यासाठी पण नाही.”

दार धाडकन उघडलं. सुदेश होता. मागे जयाची आई, तिच्यामागे रंगूकाकी. “बस झालं, कल्पू,” तो म्हणाला आणि सरळ मापाकडे गेला. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, खडू फरशीवर घरंगळले.

उघड्या दारातून आलेलं ऊन उजव्या भिंतीवर आडवं पडलं. क्षणभरच. कल्पिताला गुडघे दिसले. ऋतिकाच्या पलीकडे ओळीने, जवळजवळ, छातीशी ओढून घेतलेले गुडघे, खालचे पाय पोटरीपर्यंत पांढरे, मिठागरात राबून आल्यासारखे. गुडघ्यांच्या वर काही नव्हतं, किंवा तिथपर्यंत पाहायचं तिचं धाडस झालं नाही. मग ढग आला, की दारात कुणी सरकलं, आणि भिंतीवर फक्त घासलेले डाग राहिले.

तिने सुदेशचं मनगट धरलं. “नको, दादा.”

“सोड.”

“तू उपडं केलंस तर ते इथेच राहतील. न मोजलेले. आणि आम्ही त्यांच्यातच बसलेले. मी या पोरांना काय सांगू? की मोजायचं तोंडावर आलं आणि मी घाबरून माप उपडं केलं?”

“तुला वेड लागलंय!”

“एकोणीस,” त्याच्या कोपराजवळून बाई म्हणाली. “उरले चौदा.”

सुदेशने माप खाली ठेवलं, हळूच, सुलटंच. मागे मागे जात तो दाराच्या चौकटीला टेकला. जयाची आई “जया, चल!” म्हणाली. जया हलली नाही. “नाय आई. माझी जागा जाईल.”

“तुझी जागा कुठेही जात नाही,” कल्पिता म्हणाली. “ज्याला घरी जायचं असेल त्याने जावं. त्याची जागा राखायला मी आहे. भीतीने बसायचं नाही इथे.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गणूने नाक ओढलं. “तुम्ही एकट्या करणार गुणाकार? हातचे विसरता तुम्ही.” आणि त्याने पाटी मांडीवर घेतली. मग एकेक करून सगळ्यांनी घेतल्या. जयानेही.

कल्पिताने फरशीवरचे खडू गोळा केले आणि मापात भरले. “गुणिले एकोणीस.”

या वेळी कुणी आरडाओरड केली नाही. सोळा पाट्यांवर खडूचा आवाज होत राहिला, आणि कान देऊन ऐकलं तर सोळापेक्षा जास्त. तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ. तिने आकडा लिहिला. तो फळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला. लिहिणाऱ्या हाताला ओल लागत होती.

आरोळी निघाली आणि भिंतीभिंतीने फिरली. सोळा. सतरा. अठरा. “एकोणीस,” बाई म्हणाली, आणि डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा तिचा आवाज हलका झाला होता. “काही उरत नाही.” वीस बोलला, एकवीस बोलला. दोघांनाही आधीपासून भाग होता. बाविसावा बोलला तो फळ्याच्या इतक्या जवळून की कल्पिताच्या हातावरचे केस हलले. त्यालाही काही उरत नव्हतं.

उजवी भिंत तिथे संपत होती.

कल्पिता वाट पाहत राहिली. आपण दमलो आहोत हे तिला जाणवलं, आणि तिने क्षणभर फळ्याशेजारच्या भिंतीला पाठ टेकली. दगड गार होता. तिच्या डोक्यामागे लोणा भुरुभुरु गळला. बाविसाव्यानंतरची शांतता लांबत गेली. सगळी पोरं तिच्याकडे बघत होती.

“तेवीस,” आवाज आला. “उरले पंधरा.”

गणू तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. जया बघत होती. दारातून सुदेश बघत होता. तेव्हा तिला कळलं की आवाज तिच्याच घशातून आला होता. हा भागाकार तिने केलाच नव्हता.

तिने मूठ उघडली. तळव्यात जाड्या मिठाचे खडे होते, ओले.

माझा कसला नंबर, मी मोजणारी, असं कधीतरी तीच म्हणाली होती. इतक्या सगळ्यांच्या जागा तिने राखल्या, आणि स्वतःला एक नंबर द्यायला विसरली. आता पाठ भिंतीवरून उचलायची, दाराबाहेर जायचं, ऊन लागेल तिथे उभं राहायचं. सुदेश हात पुढे करून उभाच होता. “कल्पू,” तो म्हणत होता, “ये. ये ना गं.”

तिची पाठ भिंतीवरून सुटायला थोडा वेळ लागला. पण सुटली. ती फळ्यापर्यंत गेली आणि मापातला खडू उचलला. तिच्या मागे दगडावर वीतभर उंच जागा घासून साफ झाली होती. तिने वळून पाहिलं नाही.

“पाट्या पुसा,” ती पोरांना म्हणाली. आवाज थोडा कोरडा होता. “गुणिले तेवीस.”

मग ती भावाकडे वळली. दाराच्या चौकटीत तो उभा होता. त्याच्या पाठीमागे टॉवर होते, मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्यावर भिंती.

“आत ये किंवा बाजूला हो, दादा,” ती म्हणाली. “भिंत संपली. रांग आता बाहेर निघेल.”